अडथळा क्रमांक सतरा

दिल्लीहून मेल आला तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि माझ्या तोंडात अर्धा खाकरा होता. तो मी पुढे गिळला की टाकून दिला, मला आजही आठवत नाही.

"मोहना!" मितालीबेन केबिनमधून ओरडल्या. "आ सतरा नंबर शुं छे? काय आहे हे? वाच, वाच लवकर!"

मितालीबेन म्हणजे आमच्या कंपनीच्या मालकीण. बडोद्याच्या अलकापुरीत साड्यांच्या दुकानावर दोन खोल्या, पाच टेबलं आणि एक कायम बिघडलेला प्रिंटर, एवढीच आमची कंपनी. सरकारी अनुदान मिळवायला जे प्रस्ताव लागतात, ते तयार करून द्यायचे हा धंदा. मी सिव्हिल इंजिनियर. चौदा महिने मी एकच फाईल सांभाळत होते, आपल्या विमानतळाची. केंद्राच्या अनुदानातून धावपट्टीलगतचा रस्ता रुंद करायचा आणि उतरणाऱ्या विमानाला वाट दाखवणाऱ्या दिव्यांची एक लांब रांग बसवायची. चौदा महिन्यांत त्या फाईलने सव्वीस शंका पचवल्या होत्या. मातीची तपासणी झाली, पाण्याच्या निचऱ्याचं झालं, नीलगाईंचंसुद्धा झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला समितीची बैठक होती आणि आम्ही पेढे कुठून आणायचे यावर भांडत होतो.

आणि आता ही सत्ताविसावी शंका. आजूबाजूच्या उंच वस्तूंच्या मोजणीच्या तक्त्यात, अगदी शेवटच्या पानावर, अडथळा क्रमांक सतरा. घराच्या गच्चीवर खांब. टोकाला धातू. उंची मर्यादेपेक्षा दोन मीटर पस्तीस सेंटिमीटर जास्त. आज संध्याकाळी पाचच्या आत खुलासा करावा, अन्यथा प्रस्ताव पुढील वर्षाच्या यादीत ढकलण्यात येईल.

विमानतळाच्या भोवती आकाशात एक काल्पनिक उतार असतो. धावपट्टीच्या टोकापासून तो हळूहळू वर चढत जातो. त्या उताराच्या वर कुणी डोकं काढायचं नाही, झाडाने नाही, घराने नाही, खांबाने तर नाहीच. एवढा एकच नियम, पण त्यात दया-माया नाही.

"हे पान तू पाहिलं नव्हतंस?" मितालीबेननी विचारलं.

पाहिलं नव्हतं. खाली सही मात्र माझीच होती. एकशे चाळीस पानांवर एका बैठकीत सह्या ठोकल्या होत्या, आणि शेवटचं पान येईपर्यंत माझं मनगट आणि अक्कल दोन्ही दमलेली असणार. मला स्वतःचा असा संताप आला की टेबलावरचा स्टेपलर मी विनाकारण चार वेळा दाबला.

ही फाईल मी मागून घेतली होती. कारण सांगते. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत आई हॉस्पिटलमध्ये होती आणि माझा धाकटा भाऊ सलील बंगळूरहून सकाळच्या पहिल्या विमानाने निघाला होता. बडोद्यावर धुकं पसरलेलं. विमानाने वर तीन घिरट्या घातल्या आणि ते अहमदाबादला निघून गेलं. नऊ वाजता आईने विचारलं, "आला का गं?" मी म्हटलं, "येतोय." साडेनऊला आई गेली. सलील टॅक्सीने पोचला तेव्हा दुपारचा एक वाजला होता. दिवे असते तर विमान नक्की उतरलं असतं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. धुकं फार होतं. पण पुढच्या वर्षी ही फाईल ऑफिसात आली तेव्हा मी ती मितालीबेनच्या हातातून जवळजवळ हिसकावली होती.

तर मी सतरा नंबरचे अक्षांश-रेखांश नकाशात टाकले. लाल खूण विमानतळाजवळच्या हरणीत जाऊन बसली. मोठं करून पाहिलं. गल्ली ओळखीची निघाली. आणखी मोठं केलं. गच्चीवर जिन्याची खोली, तिच्यावर निळी टाकी, कोपऱ्यात तीन पायांची मोडकी खाट.

ती खाट मीच तिथे नेऊन टाकली होती.

मी मोजणीची तारीख पाहिली. गेल्या वर्षीचा तीस मार्च, रविवार, सकाळी साडेनऊ. भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरची पानं उलटायचीसुद्धा गरज नव्हती. त्या सकाळी मी स्वतः टाकीशी शिडी धरून उभी होते आणि बाबा वरून ओरडत होते, "डावीकडे घे! अगं, डावीकडे म्हणजे तुझ्या डावीकडे!"

मी हसायला लागले. इतकी हसले की मितालीबेननी माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि जरा मागे सरकल्या.

"बेन, तो खांब नाही," मी म्हटलं. "ती आमची गुढी आहे. पाडव्याची गुढी! धातू म्हणजे आमचा तांब्याचा लोटा!"

मितालीबेन जन्मापासून बडोद्याच्या. त्यांना गुढी काय हे सांगावं लागलं नाही. आधी त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच त्यातून बाहेरही आला. "पण दिल्लीवाळ्याला मी शुं सांगू? लोटा?"

त्यांनी फोन लावला आणि खरोखर लोटाच सांगितला. पलीकडचे साहेब सज्जन निघाले. म्हणाले, सण वगैरे ठीक आहे, पण कागद हवा. ज्याने मोजलं त्यानेच पुन्हा मोजून द्यावं. घरमालकाने नोटरीसमोर लिहून द्यावं की यापुढे मर्यादेच्या वर काही उभारणार नाही. आणि अडथळा कायमचा काढल्याचा फोटो जोडावा.

"घरमालक कोण?" मितालीबेननी विचारलं.

"माझे बाबा."

"मग तो घरनीच वात! घरचंच काम! पळ!"

मी पळाले. मोजणी करणारा प्रतापसिंह फतेगंजला एका हॉटेलात जेवायला बसला होता. तो मूळचा मोरबीकडचा, गेल्या वर्षी पाडव्याच्या आधी नुकताच बडोद्यात आलेला, आणि पोरगा कामाला चोख. अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या बोगद्यात, नेहमीसारखी गाड्यांची गर्दी अडकली होती. मी स्कूटरचा हॉर्न असा वाजवला की पुढच्या रिक्षावाल्याने वळून मला दोन्ही हात जोडले. प्रतापसिंहला मी भाताच्या मध्यावर उठवलं.

"अरे बेन, ए तो एन्टेना हतुं ने!" तो म्हणाला. "लांबून पाहिलं, खांब दिसला, वर चकाकतंय, खाली कापड फडकतंय. मला वाटलं, कुणीतरी एन्टेनाला निशाण बांधलंय."

"ते निशाण नव्हतं, आईची जरीची साडी होती. चल!"

तो यंत्राची पेटी आणि ते उभं करायचं तिकाटणं घेऊन माझ्या मागे बसला, आणि पाऊण वाजता आम्ही हरणीत घरी पोचलो.

माझे बाबा पिलाजीराव, वय अठ्ठ्याहत्तर. जमीन मोजणीच्या खात्यात पस्तीस वर्षं काढली. त्यांच्या आजोबांनीही संस्थानात तेच काम केलेलं. आमच्या घरात कुणी "साधारण इतकं" असं म्हटलं तर त्याला जेवताना दुसरी पोळी मिळत नसे. बाबांना मी दारातच सगळं सांगितलं, धापा टाकत. मला वाटलं, घाबरतील. बाबांचा चेहरा असा उजळला की काय सांगू!

"म्हणजे माझी गुढी सरकारी तक्त्यात आहे?"

"अडथळा म्हणून आहे, बाबा."

"ते असू दे. आकडा काय लिहिलाय? आकडा सांग!"

प्रतापसिंहने यंत्र गच्चीवर लावलं, टाकीच्या झाकणाची उंची घेतली, आणि जुन्या आकड्यातून वजा केली. "झाकणापासून टोकापर्यंत तीन मीटर पंचवीस, काका."

बाबा खाली गेले आणि लाल पुठ्ठ्याची वही घेऊन वर आले. त्या वहीत बावीस पाडव्यांच्या गुढ्या होत्या, प्रत्येकीची उंची शाईने लिहिलेली. गेल्या वर्षीच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. टाकीच्या झाकणापासून लोट्याच्या बुडापर्यंत दहा फूट आठ इंच.

प्रतापसिंहने मोबाईलवर हिशेब केला. त्याचे डोळे मोठे झाले. "तीन पंचवीस! बराबर तीन पंचवीस! पाऊण किलोमीटरवरून!"

"पाऊण किलोमीटरवरून?" बाबांनी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याचं तिकाटणं हललं. "वा रे पठ्ठ्या! आमच्या वेळी मोजणीच्या साखळीने हे जमलं नसतं. मोहना, याला आधी चहा कर. मोजणी चोख आहे!"

दोघं मोजणीदार टाकीजवळ उभे राहून जुन्या यंत्रांच्या गप्पांत रंगले आणि मी घड्याळाकडे बघत हात चोळत राहिले. सव्वा वाजला होता. मितालीबेननी नोटरीसमोर लिहून द्यायचा मजकूर फोनवर पाठवला होता. मी तो बाबांपुढे धरला.

बाबांनी चष्मा लावून वाचलं. एकदा, मग परत एकदा. मग फोन माझ्या हातात ठेवला.

"सही होणार नाही," ते म्हणाले.

"बाबा?"

"यात लिहिलंय, यापुढे कधीही नाही. मर्यादा किती उरते झाकणावर?"

"नव्वद सेंटिमीटर, काका," प्रतापसिंह हळूच म्हणाला.

"दोन फूट अकरा इंच." बाबांना हिशेबाला मोबाईल लागत नाही. "त्याला गुढी म्हणतात? ते तर लाटणं झालं!"

"मग खाली गच्चीत उभारा ना!" मी म्हटलं. "तिथे एवढी उंच चालेल."

"गच्चीत जिन्याच्या खोलीआड जाते. दिसत नाही. त्यालाच विचार."

त्याला म्हणजे सलीलला. बावीस वर्षांपूर्वी सलील नोकरीसाठी पहिल्यांदा बाहेर गेला आणि पाडव्याला सकाळच्या विमानाने घरी आला. दारातून आत पाऊल टाकायच्या आधीच ओरडला, "आई, मला वरून आपली गुढी दिसली! खिडकीतून!" आई त्या दिवशी शेजारच्या सात घरांत ते सांगून आली. पुढच्या वर्षी बाबांनी नवा लांब बांबू आणला. आई त्याला दर पाडव्याआधी एरंडेल चोळायची, लहान मुलाला चोळावं तसं. आई गेल्यावर ते काम बाबांनी घेतलं. शेजारचा कडुनिंब वाढला तशी गुढी आधी गच्चीवरून जिन्याच्या खोलीवर गेली, मग टाकीवर. सलील दर पाडव्याला येतो, मुद्दाम डावीकडची खिडकी मागून घेतो, आणि उतरल्या उतरल्या फोन करतो. "दिसली, बाबा." बस, एवढंच म्हणतो. त्या दोन शब्दांवर बाबांचं वर्ष जातं, हे मला ठाऊक होतं. पण माझं घड्याळ पावणेदोन दाखवत होतं आणि चौदा महिने माझ्या डोक्यात भणाणत होते.

"बाबा, ती एक काठी आहे!"

"ती काठी नाही," बाबा म्हणाले. "तुझ्या आईने अठरा वर्षं..."

"मला माहीत आहे आईने काय केलं!" माझा आवाज चढला. प्रतापसिंह यंत्राच्या पेटीत काहीतरी शोधायला लागला. "आई गेली त्या सकाळी सलील वर होता, बाबा. इथेच, आपल्या डोक्यावर. तीन वेळा फिरला. तेव्हा तो गुढी शोधत नव्हता. विमानाला धावपट्टी दिसत नव्हती! आणि आता दिवे येतायत, आणि ते तुमच्या या बांबूला अडून बसलेत!"

बोलून गेले आणि जीभ चावली. बाबांनी लाल वही मिटून काखेत धरली. मी "बाबा, तसं नव्हतं म्हणायचं" असं काहीतरी पुटपुटले, पण ते तोवर जिना उतरायला लागले होते.

मला रडू आलं. रागाने आलं की लाजेने, कुणास ठाऊक. प्रतापसिंहने न विचारता आपला रुमाल दिला. त्याला अत्तराचा इतका उग्र वास होता की रडणं आपोआप थांबलं.

पाच मिनिटांनी जिन्यावर काहीतरी आपटत यायला लागलं. बाबा तो बांबू ओढत आणत होते. माळ्यावरून एकट्याने काढला होता, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी! काखेत करवत, कानावर पेन्सिल, खिशात लोटा. पाडवा महिन्यावर आला होता, बांबूला एरंडेल आधीच चोळून झालेलं. उन्हात तो मधासारखा चमकत होता.

"फोटो हवाय ना दिल्लीला, कायमचा काढल्याचा?" बाबा म्हणाले. "मग उभी काय राहिलीस, धर त्या टोकाला!"

"बाबा, कापायला नको. नुसता काढून ठेवला तरी..."

"काढून ठेवलेला परत चढतो. मी पस्तीस वर्षं असे फोटो पाहिलेत." त्यांनी बांबूवर लोटा पालथा घातला, टेप लावली, लोट्याच्या बुडापासून माप घेतलं. प्रतापसिंह वाकला. "काका, दोन फूट अकरा."

"दोन फूट दहा. एक इंच सरकारला सोडतो."

पेन्सिलची खूण झाली. करवत बाबांनी माझ्या हातात दिली नाही. बांबू कडक होता आणि करवत दोनदा खुणेवरून घसरली. तिसऱ्यांदा प्रतापसिंहने आपली मूठ बाबांच्या मुठीवर ठेवली. मग दोघांनी मिळून कापला. एरंडेलाचा वास गच्चीभर पसरला. कापलेलं टोक माझ्या हातात आलं तेव्हा माझ्या बोटांना तेल लागलं आणि ते मला पुसवेना.

पण थांबायला वेळ होता कुठे! दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. फोटो काढले: टाकीचा, मापाचा, कापलेल्या बांबूशेजारी लावलेल्या टेपचा. एका फोटोत बाबांचा अंगठाही आला. तो मी राहू दिला. बाबांना स्कूटरवर मागे बसवलं. त्यांनी घातला होता ठेवणीतला कोट. का, असं विचारल्यावर म्हणाले, "सरकारी कागद आहे." नोटरीकडे आमच्या आधी चार माणसं. बाबांनी त्या चौघांना गुढीची सगळी कथा ऐकवली, आणि चौघांनीही आपणहून नंबर सोडला. एक बाई तर म्हणाल्या, "काका, दिवे लागले की मला कळवा हं, माझी मुलगी पुण्याला असते."

चारला शिक्का पडला. चार वीसला मी ऑफिसात. प्रिंटर बिघडलेला. मितालीबेननी त्याला गुजरातीत जे काही सुनावलं ते इथे लिहिता येत नाही, पण तो सुरू झाला. प्रतापसिंहचा नवा तक्ता आला. क्रमांक सतराच्या पुढे त्याने लिहिलं होतं: अडथळा नाही. या वेळी मी प्रत्येक पान वाचलं, शेवटचं पान दोनदा वाचलं, मगच सही केली. चार वाजून बावन्न मिनिटांनी मेल गेला. मितालीबेननी खुर्चीत अंग टाकलं आणि म्हणाल्या, "हवे पाणी आप." आता पाणी दे, म्हणजे. मी त्यांना ग्लास भरून दिला आणि उरलेली बाटली स्वतः संपवली.

दुसऱ्या दिवशी बाबा सकाळपासून ऑफिसात येऊन बसले. घरी फोनची वाट बघवत नाही म्हणाले. कोट तोच. साडेअकरा झाले, बारा झाले. बारा वाजून सात मिनिटांनी मितालीबेनचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, "जी सर, जी सर" म्हटलं, फोन ठेवला, आणि एवढ्या मोठ्याने किंचाळल्या की खालच्या साडीच्या दुकानातला माणूस धावत वर आला.

"मंजूर! पूर्ण मंजूर! दिव्यांसकट!"

मी बाबांना मिठी मारली. मितालीबेननी मला मारली. प्रतापसिंहला फोन केला तर तो भर रस्त्यात नाचत असल्यासारखे आवाज आले. पेढ्यांचं भांडण मिटलं नव्हतं, त्यामुळे दोन्ही दुकानांतून आणले. या सगळ्या गोंधळात बाबा खिडकीपाशी गेले आणि त्यांनी सलीलला फोन लावला. मी पेढा हातात धरून त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. मला वाटलं, अनुदानाचं सांगतील, तक्त्यातल्या आकड्याचं तर नक्कीच सांगतील.

"सलील, पाडव्याचं तिकीट काढलंस?" बाबांनी विचारलं. "बरं. मग ऐक. या वेळी खिडकीतून शोधत बसू नकोस. गुढी आहे, टाकीवरच आहे, पण लहान आहे. वरून दिसायची नाही."

पलीकडून सलील काहीतरी विचारत होता. बाबांनी कोटाच्या बाहीने डोळे पुसले.

"अरे, काही झालं नाही. दिवे येतायत," बाबा म्हणाले. "तू फक्त उतर."